सबनिसांच्या अकरा झडपा

शनिवारी दुपारी सव्वाला फोनवर ‘शुभाकाकू सबनीस’ हे नाव उमटलं तेव्हा सुवर्णा आपल्या व्हॅनमध्ये बसून मेथीचा पराठा खात होती. तिनं फोन लगेच उचलला नाही. चार वेळा वाजू दिला. तीन वर्षं ज्या फोनची वाट पाहिली तो असा अर्ध्या पराठ्यावर आला, तर माणसानं जरा चव घ्यायला नको का?

“सुवर्णा, अगं, आमची फर्नेस बंद पडलीय,” काकू अगदी रडकुंडीला आल्या होत्या. “तीन वाजता हळदीकुंकू आहे. साठ जणी येणार, त्यांचे नवरे वेगळे. सगळीकडे फोन करून झाले, सोमवारशिवाय कोणी येत नाही म्हणतंय. तू येशील का गं? ह्यांना मी सांगितलेलं नाही, तुला फोन केलाय ते.”

“येते ना काकू. तोवर स्वेटर घालून बसा.”

आपल्याच आवाजातल्या गोडव्याचं सुवर्णाला नवल वाटलं. मिशिगनमधल्या नोव्हाय या गावात त्या दिवशी पारा शून्याच्याही सहा खाली होता, तोही फॅरनहाइटमध्ये. शाळांनी आदल्या दिवशीच सुट्टी देऊन टाकली होती. अशा दिवशी तिथे फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, दुरुस्त करणाऱ्या माणसाला जो भाव असतो तो लग्नात नवरदेवालाही मिळत नाही. सुवर्णानं उरलेला पराठा शांतपणे संपवला, हात पुसले आणि व्हॅन सुरू केली.

तिनं काकूंच्या नवऱ्यावर, गुरुनाथ सबनिसांवर, डूख धरला होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर कोणाचा तरी समज व्हायचा की बाई अडीअडचणीला धावून जाणारी, मोठ्या मनाची. मन मोठंच होतं, पण त्यात तीन वर्षं एकच गोष्ट भरलेली होती. तिला सबनिसांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं: सुवर्णाचं बरोबर होतं आणि माझं चुकलं. तेही बंद खोलीत नको होतं. ज्या लोकांसमोर तिचं हसं झालं होतं, त्याच लोकांसमोर हवं होतं.

सुवर्णा देवतळे नागपूरची, महालातली. वडिलांचं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. एप्रिल लागला की अर्धा महाल त्यांच्या दारात उभा असायचा. कोणाचा पंप जळालेला, कोणाच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या. सुवर्णा शाळेत असल्यापासून पाना घेऊन बाबांच्या शेजारी बसायची. बाबांचं गिऱ्हाइकांना एकच सांगणं असे: समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर कूलर नुसता दमेल. हवा आत ढकलायची तर तिला पुढे जायला वाट हवी. हे ज्ञान नागपुरात शेंबड्या पोरालाही असतं. मिशिगनमध्ये ते चौतीस वर्षांच्या अनुभवाच्या इंजिनिअरला नसतं, हे सुवर्णाला फार पुढे कळलं.

लग्न होऊन ती सुमंतबरोबर इकडे आली. सुमंत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता. हिचा व्हिसा त्याच्या व्हिसाला शेपटासारखा बांधलेला, नोकरी करायची सोय नाही. नऊ वर्षं तिनं इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मोदक वळले, लोकांच्या डोहाळजेवणांना फुलांच्या वाड्या भरल्या आणि दर उन्हाळ्यात नागपूरहून आलेल्या सासूबाईंना एकच धबधबा दाखवला. मग ग्रीन कार्ड आलं. बाकीच्या बायका अशा वेळी सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स करतात. ही कम्युनिटी कॉलेजात जाऊन हीटिंग-कूलिंगच्या वर्गात बसली. वय अडतीस, वर्गात बावीस जण, त्यातले एकवीस दाढीवाले.

पहिल्यांदा ती इलेक्ट्रिकलच्या पेपरात नापास झाली. हे तिनं फक्त सुमंतला सांगितलं, स्वयंपाकघरात, रडून झाल्यावर. दुसऱ्या खेपेला त्याच पेपरात ती वर्गात पहिली आली. ते मात्र तिनं दिसेल त्याला सांगितलं.

एका हीटिंग कंपनीत तिला नोकरी लागली. लोकांच्या तळघरांत उतरायचं, काळे हात घेऊन वर यायचं. तिला इतका आनंद झाला होता की ती गाडीत मोठ्यानं गायची. सुमंत मात्र जरा अवघडलेला असायचा.

“मंडळात लोक विचारतात यार, वहिनी काय करतात म्हणून. मी काय सांगू?”

“सांग, फर्नेस दुरुस्त करते.”

“तेच तर सांगता येत नाही ना.”

आता सबनीस. गुरुनाथ सबनीस इथे आले तेव्हा नोव्हायमध्ये मक्याची शेतं होती, असं ते स्वतःच प्रत्येक भाषणात सांगतात. चौतीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या रेडिएटरमधून हवा कशी वाहते याचा अभ्यास केला. सुमंतच्या कंपनीत ते मोठे साहेब होते आणि रिटायर होताना आपल्या हाताखालच्या लोकांना हाताखालीच ठेवून गेले. मंडळातल्या निम्म्या पुरुषांना नोकरी त्यांच्या शब्दावर लागलेली. मंडळाचे अध्यक्षही तेच. घर भलंमोठं. मुलगा सनीव्हेलला, मुलगी वेस्ट विंडसरला. एवढ्या घरात उरली दोन माणसं.

खोलीतून बाहेर पडताना पंखा आणि दिवा बंद करायचा, हे संस्कार आपल्यापैकी कोणावर नाहीत? सबनिसांनी ते संस्कार फर्नेसला लावले. इथल्या घरांत तळघरात फर्नेस असते, ती हवा तापवते, पंखा ती हवा पत्र्याच्या नळांमधून ढकलतो आणि प्रत्येक खोलीत जमिनीवरच्या एका जाळीतून ती बाहेर येते. त्या जाळीला झडप असते. सबनिसांचं गणित सरळ होतं: ज्या खोलीत माणूस नाही, तिची झडप बंद. अशा त्यांनी अकरा झडपा बंद केल्या आणि पुन्हा हवा निसटू नये म्हणून वर लोहचुंबकाचे पत्रे चिकटवले. मंडळाच्या कार्यक्रमांत ते हे सगळ्यांना सांगत आणि लोक घरी जाऊन आपापल्या झडपा बंद करत.

तीन वर्षांपूर्वी सुवर्णाची कंपनी त्यांच्याकडे फर्नेसची तपासणी करायला गेली आणि कंपनीनं पाठवलं सुवर्णाला. तिनं नळांतला दाब मोजला, तो भलताच चढलेला होता. ती वर येऊन म्हणाली, “काका, यानं काही वाचत नाही. फर्नेस अख्ख्या घराच्या मापानं बसवलेली असते. तुम्ही अकरा वाटा बंद केल्यात म्हणून पंखा कमी हवा ढकलायला बघत नाही, तेवढीच ढकलायला बघतो आणि दमतो. हवा नळांच्या फटींतून तळघरात जाते. आत उष्णता कोंडते. एक दिवस मोटर तरी जळेल, नाहीतर भट्टीच्या पत्र्याला तडा जाईल.” आणि दाखवण्यासाठी तिनं जेवणघरातल्या दोन झडपा स्वतःच्या हातानं उघडल्या.

सबनिसांनी उत्तर दिलं ते पुढच्या शनिवारी, संक्रांतीच्या कार्यक्रमात, हातात माइक घेऊन. “आपल्या मंडळात आता एक फर्नेसवाली आली आहे बरं का! मी चौतीस वर्षं हवा शिकवली, आणि ही मला हवा शिकवते. सुवर्णा, तुझ्या गुळाच्या पोळ्या फार छान असतात, तेवढं सोडू नकोस.” साठ-सत्तर माणसं हसली. सुमंतही हसला, त्याला हसावंच लागलं, असं सुवर्णानं तेव्हा स्वतःला समजावलं. ‘फर्नेसवाली’ हे नाव त्या दिवशी चिकटलं ते चिकटलंच.

तीन आठवड्यांनी सबनिसांच्या पंख्याची मोटर जळाली. जळणारच होती. पण सबनिसांनी सुवर्णाच्या कंपनीला पत्र लिहिलं. या बाईनं आमच्या झडपांशी परवानगीशिवाय छेडछाड केली, घराचा समतोल बिघडवला, म्हणून मोटर गेली. हिला कामाची जाण नाही. ही इलेक्ट्रिकलच्या परीक्षेत नापास झालेली आहे. आणि अशा बाईला परक्या घरांच्या तळघरांत एकटं पाठवणं कंपनीला तरी शोभतं का? मालकानं पत्र तिच्यासमोर ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. सुवर्णानं त्या पत्राचा फोटो काढून घेतला. तो अजून तिच्या फोनमध्ये होता. कधी उभारी कमी पडली की ती तो उघडून वाचायची.

नापास झाल्याचं सबनिसांना कळलं कसं, हा प्रश्न तिला तेव्हाच पडला होता. तिनं उत्तर काढलं की सुमंत कुठल्यातरी पार्टीत बोलून गेला असणार. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. तिनं त्याला विचारलंही नाही. कारण त्याच आठवड्यात त्यानं याहून मोठा पराक्रम केला: काजूकतलीचा खोका घेऊन तो सबनिसांकडे गेला आणि तिच्या वतीनं माफी मागून आला.

“मिटवून टाकलं,” घरी येऊन तो म्हणाला. “सीनियर माणूस आहे, त्यांच्याशी वाकडं घेऊन कसं चालेल? तूही आता जरा घरात थांब ना यार.”

तो खोका सुवर्णाच्या जिव्हारी लागला. नोकरी गेली त्याहून जास्त लागला. तिनं न केलेल्या चुकीची माफी तिच्या नावानं, तिला न विचारता, चांदीच्या वर्खात गुंडाळून देऊन झाली होती. ती घरात थांबली नाही. दुसऱ्या गावातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे निम्म्या पगारावर राबली, लायसन्स काढलं, जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यावर स्वतःचं नाव रंगवलं. मंडळाच्या कार्यक्रमांना ती गेली नाही. सुमंत एकटा जायचा. तो मंडळाचा सेक्रेटरी झाला होता. तिनं सबनिसांचं नावसुद्धा कधी काढलं नाही. ज्याला राग येऊन जातो तो बोलतो. जो राग जपून ठेवायचा असतो त्याबद्दल कोणी बोलत नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी तिची व्हॅन सबनिसांच्या दारात उभी राहिली. लवकर आलेल्या बायका काळ्या साड्यांवर जाडजूड कोट घालून हॉलमध्ये बसल्या होत्या आणि बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. दारात बुटांचा ढीग होता. हॉलभर मंडळाच्या लाल-हिरव्या सोलापुरी सतरंज्या अंथरलेल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. सुवर्णानं त्या पाहिल्या आणि तिला अर्धं निदान तिथेच झालं. हॉलमधल्या चारही जाळ्या त्या सतरंज्यांखाली गेल्या होत्या. अमेरिकन माणूस खुर्चीवर बसतो, त्यामुळे या घरांच्या जमिनीतून हवा येते, आणि आपण जमिनीवर बसतो, हे घर बांधणाऱ्याला कोण सांगणार? अकरा झडपा आधीच बंद होत्या. उरलेल्यांतल्या या चार जाळ्या काकूंनी सकाळी हौसेनं झाकल्या.

“तू?” सबनीस पुढे आले. रेशमी झब्बा, वर जॅकेट, डोक्यावर माकडटोपी. “दुसरं कोणी नाही मिळालं का शुभा?”

“नाही मिळालं,” काकू म्हणाल्या.

सुमंत एका कोपऱ्यात तिळगुळाच्या वाट्या भरत होता. बायकोला बघून त्याचा हात थांबला. “सुवर्णा, प्लीज हं,” तो जवळ येऊन हळूच म्हणाला. “पटकन काय ते करून टाक. उगाच सीन नको.”

ती तळघरात उतरली.

फर्नेसच्या झाकणातल्या बारीक काचेतून एक दिवा मिचकत होता. सुवर्णानं मिचकण्या मोजल्या. अगदी तेच, उष्णता कोंडल्याचा इशारा. आत उष्णता कोंडली की गॅस बंद करणारा एक स्विच असतो. असं चार-पाचदा झालं की फर्नेस स्वतःलाच कुलूप लावून घेते आणि तिचं बटण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय तासन्‌तास उघडत नाही. तिच्यात काहीही बिघडलेलं नव्हतं. बिचारीला श्वास घेता येत नव्हता, म्हणून ती गप्प बसली होती.

पण सुवर्णाला एवढ्यावर समाधान नव्हतं. तिच्या बॅगेत लाल पट्ट्या होत्या. भट्टीच्या पत्र्याला तडा गेला असेल तर विषारी वायू घरात शिरू शकतो. तसा तडा दिसला की मेकॅनिकनं गॅस तोडून फर्नेसला लाल पट्टी बांधायची असते, मग ती कोणीही चालू करायची नाही. तीन वर्षांत किती दुपारी तिनं मनातल्या मनात सबनिसांच्या फर्नेसला ती पट्टी बांधली होती! साठ बायका कुडकुडत घरी जाताहेत, अध्यक्ष दारात हात जोडून उभे आहेत. तिनं बारीक कॅमेरा आत सोडला आणि इंच इंच पत्रा पाहिला. तडा सापडावा म्हणून तिनं अक्षरशः देव आठवले. पत्रा काळवंडला होता, पण तडा नव्हता. तिला फार वाईट वाटलं.

मग तिच्या मनात आलं, नसला तर नसला. वर कोणाला कळणार आहे? पट्टी तिच्या हातात होती. ती बांधली असती तर सबनिसांना आठवडाभर हॉटेलात राहावं लागलं असतं आणि हळदीकुंकवाचा विचका झाला असता. तिनं पट्टी बाहेर काढली, गॅसच्या नळीला गुंडाळूनही पाहिली. छान दिसत होती. आणि मग तिला ते पत्र आठवलं. हिला कामाची जाण नाही. खोटी पट्टी बांधली की ते पत्र खरं झालं. सबनिसांना खरं ठरवायला ती तीन वर्षं जगली नव्हती. तिनं पट्टी सोडली आणि बॅगेत परत कोंबली. तेवढ्यात तिला आठवलं की झडपा जमिनीत असतात. त्या उघडायच्या तर गुडघे टेकावे लागतात.

ती वर आली तेव्हा हॉल भरून गेला होता आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. सुमंतला ते हसू आवडलं नाही.

“काका, फर्नेस ठणठणीत आहे,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “आत्ता चालू करते. पण दहा मिनिटांत पुन्हा बंद पडेल. आधी या सतरंज्या उचला. आणि घरातल्या बंद केलेल्या अकराच्या अकरा झडपा उघडा.”

“मग उघड ना,” सबनीस म्हणाले.

“मी नाही हात लावणार. मागच्या वेळी लावला तर छेडछाड झाली होती. तुम्हीच माझ्या कंपनीला तसं पत्र लिहिलं होतंत, माझी नोकरी गेली ती त्यानंच. या वेळी घरमालकानं स्वतःच्या हातानं उघडायच्या.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पत्राची गोष्ट मंडळाला माहीत नव्हती. आता ती साठ बायकांना एकदमच कळली, आणि ती साठ बायकांना कळली म्हणजे पुढचं काही सांगायला नको.

“मी उघडतो काका, तुम्ही थांबा,” सुमंत घाईघाईनं वाकला.

“सुमंत, तू बस,” सुवर्णा म्हणाली. “तू एकदा केलंस तेवढं पुरे आहे.”

सबनिसांनी बायकोकडे पाहिलं. पण काकू दोन स्वेटर घालून सकाळपासून गारठल्या होत्या आणि त्यांची माया आटली होती. “अहो, उघडा ना पटकन,” त्या ओरडल्या. “तुम्हीच बंद केल्यात ना?”

मग जे झालं ते नोव्हायच्या मंडळात अजून सांगितलं जातं. सहासष्ट वर्षांचे अध्यक्ष रेशमी झब्बा सावरत जेवणघरात गुडघ्यावर बसले. लोहचुंबकाचा पत्रा निघेना; त्यांनी नखं घातली, सुरी मागितली, शेवटी जवळजवळ नाक जमिनीला लावून तो उचकटला. “एक,” सुवर्णा म्हणाली. ती बॅग खांद्याला लावून त्यांच्या मागे उभी होती. तिथेच दोन, ऑफिसच्या खोलीत तीन. जिन्यावरून ते वर गेले, त्यांच्या मागे ती, तिच्या मागे काळ्या साड्यांची रांग. मुलाच्या खोलीत पलंग सरकवून चार आणि पाच. मुलीच्या खोलीत माकडटोपी डोळ्यांवर आली. सात झाल्यावर त्यांनी भिंत धरून उठायचा प्रयत्न केला. “अजून चार आहेत काका,” सुवर्णा म्हणाली, “सावकाश.” तिला त्यांच्या गुडघ्यांची कीव आली का? नाही आली. प्रत्येक आकड्याबरोबर तिच्या छातीतली एक-एक गाठ सुटत होती आणि तिला आणखी झडपा असत्या तर बरं झालं असतं असं वाटत होतं. हे बघायला नागपूरहून बाबा यायला हवे होते, असंही तिला एकदा वाटून गेलं.

“अकरा.”

ती तळघरात गेली, फर्नेसचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं आणि वर येऊन उभी राहिली. आधी पंख्याची घरघर आली. मग सतरंज्या काढलेल्या उघड्या लाकडावरून, त्या चार जाळ्यांतून, ऊब वर आली. बायकांनी साड्यांचे घोळ सावरत जाळ्यांभोवती गर्दी केली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. अर्धा तास फर्नेस एकदाही अडखळली नाही. खोल्या वाढल्या तरी ती दमली नाही, उलट मोकळी झाली. लोकांनी कोट काढले.

“तुझे किती द्यायचे गं?” काकूंनी विचारलं.

“काही नको काकू. काकांनी फक्त सगळ्यांना सांगायचं, तीन वर्षांपूर्वी कोणाचं बरोबर होतं.”

सबनिसांनी घाम पुसला. नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. साठ बायका त्यांच्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या पायांना ऊब लागत होती. त्यांनी घसा साफ केला आणि भाषणाच्याच आवाजात म्हणाले, “मंडळी, सुवर्णाचं बरोबर होतं. माझं चुकलं. घरी गेल्यावर सगळ्यांनी आपापल्या झडपा उघडा.”

झालं. तीन वर्षं जे वाक्य हवं होतं ते आलं, अगदी शब्दशः. सुवर्णाचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आता पोटभर रडावं आणि गुळाची पोळी खावी.

सबनिसांनी सुमंतच्या ताटातली वाटी उचलली आणि तिच्याजवळ आले. सगळ्यांना दिसेल असा त्यांनी तिच्या तळहातावर तिळगूळ ठेवला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. टाळ्यांच्या आवाजात ते तिच्याकडे थोडे वाकले. त्यांच्या तोंडावर संक्रांतीचं गोड हसू होतं, आणि ते गोडच आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं बोलले.

“मला गुडघ्यावर आणलंस, आणलंस. पण ते पत्र माझ्या डोक्यातलं नव्हतं गं. तुझा नवरा आला होता माझ्याकडे. म्हणाला, काका, मला लाज वाटते, माझं ती ऐकत नाही, तुम्ही लिहिलंत तर ती घरी बसेल. मजकूरही त्याचाच. नाहीतर तुझ्या परीक्षेचं मला काय माहीत?”

आणि ते हसत हसत पुढच्या बाईला तिळगूळ द्यायला गेले.

सुवर्णानं सुमंतकडे पाहिलं. तो ताट धरून उभा होता. त्यानं सबनिसांचे ओठ हललेले पाहिले होते, त्याला शब्द ऐकू यायची गरज नव्हती. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ती त्याच्यापाशी गेली.

“इलेक्ट्रिकलचा पेपर,” ती म्हणाली.

“सुवर्णा, ऐक, मी तुझ्याच भल्यासाठी—” एवढं बोलून तो ताटातल्या वाट्या सारख्या करायला लागला.

ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असं ती समजत होती, त्यानं एवढी गोष्ट तीन वर्षं तोंडात धरून ठेवली होती. रात्रीच्या जेवणाला, तिच्या वाढदिवसाला, ती व्हॅनवर नाव रंगवत होती आणि तो शिडी धरून उभा होता तेव्हासुद्धा. काजूकतलीचा खोका आठवून तिला हसूच आलं. तो माफी मागायला गेलाच नव्हता. तो आभार मानायला गेला होता.

ती वळली आणि हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली, तिथे जाळीतून चांगली ऊब येत होती. तिनं दोनदा टाळी वाजवली. सगळ्या बायका गप्प झाल्या. आज त्या तिचं ऐकत होत्या.

“पुढच्या संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे,” ती म्हणाली. तिचा आवाज दुपारी फोनवर होता तितकाच गोड होता. “आज आलेल्या सगळ्यांनी यायचं. सबनीसकाका, तुम्ही तर नक्कीच. सुमंतला तुम्हा सगळ्यांसमोर एक गोष्ट सांगायची आहे.”

“अय्या, कसली गं? काही गुड न्यूज का?” कोणीतरी ओरडलं.

“तोच सांगेल,” सुवर्णा म्हणाली. “एक वर्ष आहे त्याच्याकडे. नीट पाठ करेल.”

बायका हसल्या, टाळ्या झाल्या. सुमंतनं हातातलं ताट खाली ठेवून दिलं. सुवर्णानं दारातल्या ढिगातून आपले बूट शोधून घातले, काकूंकडून हळदीकुंकू लावून घेतलं आणि व्हॅनमध्ये जाऊन बसली. तिळगूळ अजून मुठीत होता, जरासा विरघळलेला. तो तिनं तोंडात टाकला आणि अगदी सावकाश चावून खाल्ला.